हिदायाचा चाळिसावा

माझा भाऊ होझा डोंगर उतरून तांगा शहराच्या बंदरावर हमालीला गेला. पहिली काही वर्षं ईदला येत राहिला, मग नुसता फोन येत राहिला, मग फोनही बंद झाला. मेला म्हणावं तर तसंही नाही. आमच्या गावच्या एका ट्रकवाल्यानं त्याला तांगाच्या बाजारात पाहिलं होतं. अंगात नवा सदरा, बरोबर एक बाई आणि बाईच्या पाठीला बांधलेलं पोर. ट्रकवाल्यानं हे मला सांगितलं, मी हिदायाला सांगितलं. ती कोबीच्या वाफ्यात उकिडवी बसून तण काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "आक्का, पोर कुणावर गेलंय ते विचारलंत का?"

हिदाया माझी भावजय. पदरात दोन मुलं. मोसी सहा वर्षांची, धाकटा अजून अंगावर पिणारा. डोंगराच्या उतारावर रुमालाएवढी जमीन, तीही पावसात दरवर्षी थोडी थोडी खाली घसरणारी. दिसायला हिदाया साधीच होती, पण जीभ अशी, की बाजारात दलाल तिच्याशी भाव करायला कचरायचे.

त्याच सुमाराला कनिकी मास्तरानं गावाच्या वरच्या कड्यावर 'आशेचं घर' उभं केलं. मास्तर म्हणजे आमच्या शाळेतला जुना शिक्षक. निवृत्त झाल्यावर कुठल्याशा परदेशी मंडळींशी त्याची ओळख झाली, त्यांनी अनाथ मुलांसाठी पैसा दिला. काचेच्या खिडक्या, निळे पत्रे, रांगेनं खाटा. घर बांधून झालं, पाटी लागली, गाद्या आल्या, आणि मग मास्तराच्या लक्षात आलं की अनाथ कमी पडताहेत.

आमच्या डोंगरात आईबाप गेलेली पोरं नाहीत असं नाही. पण ती आजीकडे असतात, काकाकडे असतात, शेजारणीच्या चुलीशी असतात. आजीला म्हणावं, पोर दे, तर ती काठी घेऊन अंगावर येते. मास्तर दोन-चार ठिकाणी अशा काठ्या बघून आला आणि मग एका सकाळी हिदायाच्या दारात येऊन बसला. मी तेव्हा तिथंच होते, धाकट्याला न्हाऊ घालत होते.

"पोरीला शाळा मिळेल, इंग्रजी मिळेल," मास्तर म्हणाला. "दोन वेळचं पोटभर जेवण, आठवड्याला मटण. तुला तिथंच स्वयंपाकाचं काम देतो. पोर तुझ्या डोळ्यांपुढं राहील. आणखी काय हवं?"

"आणि मला काय करावं लागेल?"

"काही नाही. फक्त मरावं लागेल." मास्तर स्वतःच हसला. "कागदावर गं!"

हिदाया हसली नाही. थोडा वेळ तिनं मोसीकडे पाहिलं. मोसी दारातल्या चिखलात काटकीनं कसलीशी गाय काढत होती.

"कशानं मरू?"

"तापानं. ताप सगळ्यांना पटतो."

"आणि हिचा बाप?"

"तो बोटीवरून पडून बुडाला."

"हे मात्र बेस केलंत, मास्तर," हिदाया म्हणाली आणि आत जाऊन मोसीचे कपडे गोळा करायला लागली.

हिदायामागून गावातल्या कितीतरी आया अशाच कागदावर मेल्या आणि खाटा भरल्या. मलाही तिथं काम मिळालं, धुण्याचं. मुलांचे कपडे, चादरी आणि पाहुण्यांचे कपडे. त्यामुळे पुढचं जे सांगतेय ते ऐकीव नाही.

आमच्याकडे पहिलं मूल झालं की बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, मुलाच्या नावानं मारतात. हिदायाला सगळं गाव 'मोसीची आई' म्हणायचं. आता सगळ्या गावाला ते विसरावं लागलं. मोसीलाही. हिदायानं तिला सांगितलं, "त्या फाटकाच्या आत मी हिदायामावशी. आई म्हणायचं नाही." मोसीला तो खेळ वाटला. ती फाटकाच्या आत-बाहेर उड्या मारत राहिली. बाहेर 'आई', आत 'मावशी', बाहेर 'आई', आत 'मावशी', आणि हसून हसून खाली बसली.

आमच्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण या बाबतीत सगळे मुके झाले. सुताराकडून स्टुलं जात होती, मोटरसायकलवाल्या पोरांना भाडं मिळत होतं, म्वांजा म्हातारीची सगळी अंडी कड्यावर खपत होती. एकदाच म्हातारीची जीभ घसरली. फाटकात उभी राहून ओरडली, "अगं ए मोसीच्या आई, अंडी घे!" शेजारीच एक पाहुणी उभी. हिदाया स्वयंपाकघरातून टोपली घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "मोसीची आई वर गेली, आजी. इथं हिदाया असते. किती आणलीत?" गाव त्यावर कितीतरी महिने हसलं.

पाहुणे यायचे, तरुण पोरंपोरी, दूरदूरच्या देशांतून, स्वतःचं भाडं भरून. थोडे आठवडे राहायचे, मुलांना इंग्रजीत रंगांची नावं शिकवायचे. प्रत्येक तुकडी तेच रंग शिकवायची. मुलांना ते कधीचे पाठ होते, पण पहिल्या दिवशी ती चुकायची. लाल दाखवला की हिरवा म्हणायची. कारण मग पाहुण्यांना शिकवता यायचं, आणि मूल शिकलं की ते टाळ्या वाजवून गोळ्या वाटायचे. जाताना पाहुणे रडायचे. मुलंही रडायची. लहान होती ती खरं रडायची, आणि पुढच्या तुकडीपर्यंत मोठी व्हायची.

मग मार्लूस आली. हॉलंडची. आमच्या तोंडात ते नाव बसेना म्हणून ती मालुसी झाली. उंच, हाडकुळी, नाकावर उन्हाची साल निघालेली. पहिल्याच दिवशी ती माझ्या धुण्याच्या दगडाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी कपडा धुतो."

"मी धुते, असं म्हण," हिदाया स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. "बाई आहेस ना?"

"मी बाई आहे. मी धुते. साबण कुठं आहेस?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. तीही हसली. तिचं धुणं असं, की मला ते परत धुवावं लागलं. पण ती रोज यायला लागली. रंग शिकवणाऱ्यांतली ती नव्हतीच. सकाळी स्वयंपाकघरात बुटक्या स्टुलावर बसून बटाटे सोलायची, मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून उगाली ढवळायची. हाताला फोड आले तरी सोडायची नाही. भाषा ती आमच्या चुलीपाशी शिकली, म्हणून तिला शिव्या आधी आल्या आणि नमस्कार नंतर. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा कमरेला कांग्याचं रंगीत कापड गुंडाळून बायकांत नाचली. बायका म्हणाल्या, "ही आपलीच. नुसती उन्हात ठेवायची राहिली." तीन महिन्यांसाठी आली होती, वर्ष उलटून गेलं तरी गेली नाही.

ती वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. ती चांगली होती.

तिची आई ती दहा वर्षांची असताना वारली होती. हे तिनं हिदायाला सांगितलं, एका सकाळी, कांदे चिरता चिरता. आई गेल्यावर बापानं तिचे कपडे, कप, चपला, सगळं दिलं टाकून. घरात पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही. "मी रडले तर बाबा खोलीतून निघून जायचे," मालुसी म्हणाली. "म्हणून मी रडणं सोडलं." आणि असं म्हणून ती रडायला लागली. हिदायानं सुरी खाली ठेवली, तिला जवळ घेतलं आणि तीही रडली. मी दारात चादरी घेऊन उभी होते. हिदायाचं ते रडणं खोटं नव्हतं, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन.

मालुसीचा जीव मोसीवर जडला. मोसी आता आठ वर्षांची झाली होती. चुणचुणीत, इंग्रजी फाडफाड बोलणारी. आई नसलेली मुलगी म्हणून मालुसीला तिच्यात स्वतःचं लहानपण दिसत असणार. तिनं मनाशी ठरवलं, की या मुलीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. हिला आईबद्दल बोलायला लावायचं.

एकदा दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या. हिदाया आत सुपात घेवड्याचे दाणे निवडत होती.

"मोसी, तुझी आई कशी होती गं?" मालुसीनं विचारलं.

मोसीनं आत एकदा पाहिलं. मग म्हणाली, "उंच होती."

हिदाया माझ्या खांद्याला लागते, आणि मी काही उंच नाही.

"आणि?"

"गाणं म्हणायची. हात मऊ होते. मला कधी मारलं नाही. कध्धी नाही."

आदल्याच आठवड्यात ताटात उगाली टाकली म्हणून हिदायानं तिला लाकडाच्या वखारीमागं नेऊन चांगला धपाटा घातला होता.

मालुसी आत वळली. "हिदाया, गाव एवढंसं. तू ओळखत असशील ना हिच्या आईला?"

"ओळखत होते की." हिदायानं सूप पाखडलं. "इतकी काही चांगली नव्हती."

"चांगली होती!" मोसी एकदम किंचाळली. तिचे डोळे भरले होते. "तुला काय माहीत? तू नुसती मावशी!"

मालुसीनं हिदायाकडे असं पाहिलं, की असं कसं बोललीस पोरीशी. हिदाया दाणे निवडत राहिली. त्या दिवशी मुलांच्या जेवणात दाताखाली खडे आले.

तेव्हापासून मोसीची मेलेली आई दिवसेंदिवस चांगली होत गेली. तिला शिवण यायला लागलं, मग ती घोड्यावर बसायला लागली, आमच्या डोंगरात घोडा नाही तरी. हिदाया मला म्हणाली, "आक्का, सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिचं काय करू? ही ओरडत नाही, हिच्या हाताला कांद्याचा वास येत नाही, हिला कधी कंटाळा येत नाही. मेलेल्या बाईशी बरोबरी कशी करायची?" हे ती हसत म्हणाली. पण पूर्वी पाहुणे फिरायला गेले की मोसी वखारीमागं येऊन आईच्या मांडीवर पडायची, ते आता कमी झालं होतं. बोलावलं तर यायची. आली तरी बसायची, पडायची नाही.

पुढं हॉलंडहून देणगीदार मंडळी येणार असं ठरलं, आणि मालुसीला एक कल्पना सुचली. पाहुण्यांसमोर प्रत्येक मुलानं आपल्या गेलेल्या आईच्या नावानं एक झाड लावायचं, आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. मास्तराच्या कपाळाला घाम फुटला. पण देणगीदारांना कल्पना आवडली होती, आता नाही म्हणायची सोय नव्हती. मास्तर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "पिलाव कर. दोन बोकड सांगितलेत."

मास्तर गेल्यावर हिदाया माझ्याकडे वळली. "आक्का, माझ्या चाळिसाव्याच्या जेवणाला या हं. मयताचा स्वयंपाक मयतच करणार आहे."

त्या दिवशी धुकं होतं, मग ऊन पडलं. अंगणात खड्डे खणलेले, नासपतीची रोपं ओळीनं मांडलेली. गावातली निम्मी माणसं कुंपणाबाहेर उभी होती, आणि त्यांत त्या मेलेल्या आयांपैकी कितीतरी होत्या. पाठीला तान्ही पोरं बांधून, कांगा तोंडावर ओढून बघत होत्या. एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पहिल्या एक-दोन मुलांपर्यंत ते हसणं चाललं. मग थांबलं.

मोसीची पाळी आली. तिनं रोप लावलं, माती दाबली, हात फ्रॉकला पुसले. म्हणाली, "माझी आई झुहुरा." मास्तरानं कागदावर लावलेलं ते नाव. "ती तापानं गेली. मी तिचा हात धरला होता. तो गरम होता, मग गार झाला." आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला. ती रडायला लागली, अशी, की अंग हलत होतं. मला माहीत होतं की ती सांगतेय ते खोटं आहे, पण पोरगी खोटं रडत नव्हती. तिची आई खरंच मेली होती. कधी मेली ते आमच्यातल्या कुणाला कळलं नव्हतं एवढंच.

हिदाया पिलावाच्या हंड्याजवळ उलथणं घेऊन उभी होती. मोसी रडायला लागली तशी ती पुढं निघाली. दोन पावलं गेली असेल. तोवर मालुसीनं धावत जाऊन मोसीला उचललं होतं, आणि मोसीनं तिच्या गळ्यात हात टाकून तोंड खांद्यात खुपसलं होतं. पाहुण्यांतल्या बायका डोळे पुसत होत्या, फोन वर धरून चित्रं काढत होत्या. हिदाया मागं आली आणि तिनं वाढायला घेतलं. सगळ्यांना वाढलं, बोकडाचे चांगले तुकडे पाहुण्यांना, मग मास्तराला, मग मुलांना.

"तू जेवलीस?" मी विचारलं.

"स्वतःच्या मयताचं जेवू नये, आक्का."

त्या पाहुण्यांत मालुसीचे मामा-मामी होते. मूलबाळ नसलेले, पैसेवाले. ते माघारी गेले आणि थोड्याच दिवसांनी मालुसी नाचत स्वयंपाकघरात आली. मामा-मामी मोसीला दत्तक घेणार होते. मास्तरानं होकार दिला होता, जिल्ह्याच्या कचेरीतलं काम तो करून देणार होता. मालुसीनं हिदायाचे दोन्ही हात धरले. "तिला स्वतःची खोली मिळेल. मी जवळच राहते, रोज भेटेन. पण ती घाबरलीय गं. तुझं ती ऐकते. तू समजावशील?"

हिदाया म्हणाली, "समजावते."

ती तशीच ओल्या हातांनी मास्तराच्या खोलीत गेली. मी खिडकीखाली चादरी वाळत घालत होते.

"मास्तर, मर म्हणालात, मेले. पोर द्यायचं ठरलं नव्हतं."

"हळू बोल. अगं, पोरीचं सोनं होईल. तू काय देणार तिला? कोबी?"

"माझी पोर आहे."

"कोण म्हणतं? कागद काढू?" मास्तराचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. वर्गात छडी मारण्याआधी व्हायचा तसा. "हिदाया, तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली. मेलेल्या बाईची परवानगी कोण घेतं?"

तिथून ती मोसीला शोधत गेली आणि तिला वखारीमागं घेऊन आली. मला म्हणाली, तुम्ही पण या. का ते मला माहीत नाही. कदाचित एकटीनं ऐकायचा धीर नसेल.

"मालुसीताई म्हणते तू घाबरलीस," हिदाया म्हणाली. "घाबरू नकोस. मी तुला कुठं जाऊ देणार नाही."

मोसीनं मान वर केली. "विमान पडतं का गं?"

"काय?"

"विमान. अब्दू म्हणतो, ते पडतं. पडलं नाही तर मला जायचंय. तिथं बर्फ असतो. मला खिडकी असलेली खोली मिळणार आहे."

हिदायानं तिच्या फ्रॉकचं उघडं बटण लावलं. मग म्हणाली, "आणि मी?"

"तू इथं असशील ना," मोसी म्हणाली, जशी एखादी साधी गोष्ट सांगावी. "तुझं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालुसी धुण्याच्या दगडाशी आली. हिदाया स्वयंपाकघरातून निघून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मालुसी, मोसी माझी मुलगी आहे."

मालुसी हसली. "हो गं. आपल्या सगळ्यांचीच आहे."

"तशी नाही. मी तिला जन्म दिला. झुहुरा म्हणून कुणी नव्हतीच. मी तिची आई."

मालुसीनं माझ्याकडे पाहिलं. मी साबणाच्या पाण्यात हात घालून बसले होते. मी मान डोलावली. तिच्या तोंडाचा रंग उतरत गेला.

"आणि बाकीची मुलं?"

मी पाण्यातली चादर पिळायला घेतली.

"सगळ्यांच्या आया...? त्या दिवशी कुंपणाबाहेर ज्या उभ्या होत्या..." ती मटकन दगडावर बसली. "आणि तुम्ही सगळे बघत होता? मी झाडं लावत होते आणि तुम्ही हसत होता?"

"हसलो नाही," हिदाया म्हणाली. "शेवटी शेवटी नाही."

"मी तुला माझ्या आईचं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं. तू मला जवळ घेतलंस. तू रडलीस!"

"रडले."

"कशासाठी?"

"तुझ्या आईसाठी."

"खोटं!" तिनं आमच्याकडून शिकलेली शिवी हासडली. उच्चार आता अगदी बरोबर होता. "कुठली आई असं करते? स्वतःच्या मुलीला सांगते, की मी मेले?"

"जिच्याकडं कोबी असतो ती करते," हिदाया म्हणाली. "मालुसी, मी तुझ्याकडं काही मागत नाही. फक्त तिला नेऊ नकोस. मामीला सांग, कागदात चूक होती, या मुलीला आई निघाली."

मालुसी उठून गेली. तिनं मामीला तेवढंच सांगितलं असतं तर गाव वाचलं असतं. पण ती सरळ मनाची मुलगी होती. तिनं सगळ्यांना सगळं सांगितलं. देणगीदारांना, तिच्या देशातल्या संस्थेला, जिल्ह्याच्या कचेरीला. एक दिवस कचेरीची जीप वर आली, आणि महिना भरायच्या आत आशेचं घर बंद झालं.

आयांना बोलावणं आलं. मुलं आपापल्या गाठोड्यासह अंगणात उभी, आणि आया फाटकातून एकेक येऊन आपलं पोर घेऊन जाताहेत. हे चित्र बघायला गोड असेल असं कुणाला वाटेल. मुलं हात सोडवून घेत होती. आणि शेवटी अंगणात तिघं उरली. ती खरोखरची अनाथ होती. मास्तरानं त्यांना लांबच्या गावांतून आणलं होतं. त्यांना जीपमध्ये बसवून खाली सपाटीवरच्या सरकारी अनाथालयात नेलं. विमान पडतं म्हणणारा अब्दू त्यातलाच. तिथं कसे आहेत ते कुणाला माहीत नाही, विचारायला गेलेलं कुणी नाही.

मास्तराचं काही वाकडं झालं नाही. गावानंच मला फसवलं, आया लपल्या, असं त्यानं लिहून दिलं. पुढच्या निवडणुकीत तो वॉर्डातून निवडूनही आला.

गाव हिदायावर उलटलं. म्वांजा म्हातारी अंड्यांची टोपली घेऊन तिच्या दारात आली आणि म्हणाली, "घे. आता तूच उबव." सुतार तिच्या सावलीला उभा राहीना. ज्या बायकांची पोरं परत घरी आली होती त्या सगळ्यांत जास्त चिडल्या होत्या, कारण आता ती पोरं जेवायला मागत होती. "नेत होते तर जाऊ द्यायची होतीस एक," त्या म्हणायच्या. "एकीपायी सगळ्यांच्या ताटात माती कालवलीस."

मालुसी जायच्या आधी घरी आली. हिदायानं अंगणात चटई घातली, दुधाचा चहा केला. मोसी मालुसीच्या अंगाला चिकटून बसली ती हललीच नाही.

"पहिल्या दिवशी मला सांगायला हवं होतंस," मालुसी म्हणाली. आता तिचा राग गेला होता, नुसती थकलेली दिसत होती.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं, की हिला आई आहे, तर तू हिला इतकी जवळ घेतली असतीस?"

मालुसी मोसीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कपाला तिनं हात लावला नव्हता, वर साय धरली होती. मोटरसायकलवाल्यानं खालून भोंगा वाजवला. तिनं मोसीचा मुका घेतला, माझा हात धरला, हिदायासमोर एक क्षण उभी राहिली आणि उतार उतरून गेली.

मोसी मोटरसायकलीमागं धावत गेली. वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. परत आली ती चिखलानं भरलेली, श्वास लागलेला. हिदाया चहाचे कप उचलत होती. मोसी तिच्यासमोर उभी राहिली.

"तू मेली होतीस ना?" ती म्हणाली. "मग मेलेलीच राहायचं होतंस."

हिदायानं तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. तिनं कप आत नेले आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही.

गावात कुणी काम देईना, तेव्हा ती मुलांना घेऊन माहेरी गेली, पलीकडच्या डोंगरावर. मी धाकट्याला पाठीवर घेऊन बसच्या थांब्यापर्यंत गेले होते. तिथल्या सरकारी शाळेत मोसीला घातलं. एका बाकावर पाच-पाच मुलं. इंग्रजी तिला मास्तरणीपेक्षा चांगलं यायचं, त्यामुळे ती पहिल्याच आठवड्यात छड्या खाऊन आली. सातवी झाली, पुढं काही जमलं नाही. सतराव्या वर्षी ती अरुशा शहरात गेली. तिथं परदेशी पाहुण्यांना जनावरं दाखवायला नेणारी मंडळी असतात, त्यांच्यापैकी एका विश्रामगृहात तिला नोकरी लागली. इंग्रजीमुळे लागली, हे खोटं कसं म्हणू? आमच्याकडच्या एका ड्रायव्हरनं तिला तिथं पाहिलं. संध्याकाळी शेकोटीभोवती पाहुणे बसतात, तेव्हा ती त्यांना आपली कहाणी सांगते, असं तो म्हणाला. आई तापानं कशी गेली, हात गरम होता तो कसा गार झाला. पाहुणे खूप काही देऊन जातात. हे मी हिदायाला सांगितलेलं नाही. पण ड्रायव्हर तिच्या बाजारातूनच जातो.

मागल्या महिन्यात मी हिदायाला भेटायला गेले. बाजारात पोत्यावर गाजरं, कोबी मांडून बसली होती. पुढचा एक दात पडलाय. मोसीनं पाठवलेला फोन तिच्याकडे आहे, चांगला, मोठा. मी बसले असतानाच तो वाजला. हिदाया दोन शब्द बोलली आणि तिनं तो माझ्या कानाला लावला.

"आत्या, कशी आहेस?" मोसीचा आवाज गोड, अगदी घडी घातल्यासारखा. "गुडघे कसे आहेत? औषध पाठवू का?"

"औषध नको. तू ये."

"येईन ना. सीझन संपला की येते. तब्येत सांभाळ हं."

पाच वर्षं झाली, तो सीझन काही संपलेला नाही.

मी फोन परत दिला. हिदायानं तो कांग्याच्या टोकानं पुसला.

"छान बोलते ना?" ती म्हणाली.

"छान बोलते."

"सगळ्यांशीच तसं बोलते ती. पाहुण्यांशी बोलायची सवय आहे."

एक गिऱ्हाईक समोर येऊन वाकलं आणि गाजरं चाचपायला लागलं. हिदायानं फोन कमरेला खोचला आणि भाव सांगितला. बाईला तो जास्त वाटला. ती पुढं गेली.